कुत्र्याची ॲलर्जीची खाज आणि प्रोबायोटिक्सचा पूरक उपयोग

शेतावरच्या वस्तीला कुत्रा हवाच. रात्रीची राखण, रानडुकरांची चाहूल, शेळ्यामेंढ्यांमागे फिरणे, अनोळखी माणसाची वर्दी देणे ही कामे तो एका भाकरीवर करतो. पूर्वी वस्तीवर गावठी किंवा कारवान जातीचे कुत्रे असे. आता अल्सेशियन, लॅब्राडोर, डॉबरमन अशा जातींची कुत्रीही अनेक शेतकरी पाळतात. त्याबरोबर एक तक्रार वारंवार ऐकू येते. ती म्हणजे कुत्रा सारखा खाजवतो, पंजे चाटतो, कान झटकतो, अंगावरचे केस जातात आणि औषध केले तरी महिन्याभरात खाज परत येते.

अशा वेळी 'लूत लागली' असे म्हणून कोणी जळके इंजिन ऑईल चोळतो, कोणी रॉकेल लावतो, तर कोणी पिकावर फवारायचे कीटकनाशक पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालतो. यात कुत्रे दगावण्याचा धोका असतो. दुसरीकडे अलीकडे औषध दुकानांतून प्रोबायोटिक्सच्या पुड्या, गोळ्या व द्रावणे मिळू लागली आहेत आणि 'एवढे दिले की खाज बंद' अशी शिफारसही होते. या शिफारशीत तथ्य किती आणि हे जिवाणू कोणी, केव्हा व कसे वापरावेत याचा विचार या लेखात केला आहे. प्रस्तुत लेखक कृषीविद्येचा अध्यापक आहे. रोगनिदान आणि औषधाची मात्रा हा पशुवैद्यकाचा अधिकार आहे, हे सुरुवातीसच स्पष्ट केलेले बरे. मात्र जिवंत जिवाणूंचे पाकीट विकत घेऊन ते उपयोगी पडेल असे वापरणे हा विषय शेतकऱ्यांना नवीन नाही. रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू आपण अनेक वर्षे वापरत आहोत. तोच अनुभव येथे कामी येतो.

खाज कशाची, हे प्रथम ओळखा

पीक पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी आहे असे नसते. पाणी साचले असेल, लोह कमी असेल किंवा मुळाला कीड लागली असेल. तसेच खाजेचे आहे. कुत्र्यांत खाजेची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. लूत किंवा खरूज : सारकॉप्टिस नावाचा सूक्ष्म कोळी कातडीत बीळ करून राहतो. कानाच्या पाळीची कड, कोपर, पोटाची खालची बाजू येथे खपल्या धरतात. खाज अतिशय तीव्र असते. हा रोग एका कुत्र्यापासून दुसऱ्या कुत्र्यास लागतो. घरातील माणसांनाही काही काळ पुरळ व खाज येऊ शकते.

२. डेमोडेक्स : हाही कोळीच, पण केसांच्या मुळाशी राहणारा. लहान पिलांत तोंडाभोवती व पायांवर केसांचे चट्टे जातात. सुरुवातीस खाज कमी असते.

३. पिसवा : पिसवेच्या लाळेचे वावडे असलेल्या कुत्र्यास थोडे चावेही पुरतात. शेपटीचा बुंधा, कंबर व मांड्यांचा मागील भाग येथे जास्त खाज येते. केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवेची विष्ठा समजावी, कारण तिच्यात पचलेले रक्त असते.

४. गजकर्ण : ही बुरशी आहे. गोल चट्टे पडतात, केस तुटतात. माणसालाही लागते.

५. अन्नाचे वावडे : वर्षभर खाज, कान वारंवार खराब होणे आणि काही वेळा पातळ शौच अशी लक्षणे दिसतात.

६. वातावरणातील घटकांचे वावडे : धुळीतील कोळी, परागकण, बुरशीचे बीजाणू यांमुळे होणारा हा त्वचारोग. पशुवैद्यक यास 'ॲटोपिक डर्मटायटिस' म्हणतात. बहुधा तो वयाच्या सहा महिने ते तीन वर्षे या काळात सुरू होतो. तोंड, कान, काखा, पोट व पंजे हे भाग जास्त सापडतात. सतत चाटल्यामुळे पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस दिसतात.

पहिली चार कारणे परजीवी किंवा बुरशीची आहेत. त्यांवर नेमके औषध आहे आणि तेथे प्रोबायोटिक देऊन वेळ घालवणे चुकीचे ठरते. म्हणून त्वचेची खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणे ही पहिली पायरी होय. ही सर्व कारणे क्रमाने वगळल्यानंतरच 'ॲटोपिक' असे निदान करता येते. रक्ताची एखादी चाचणी करून हे निदान पक्के होत नाही.

वावडे म्हणजे शरीरात काय होते?

ॲलर्जीला मराठीत 'वावडे' हा नेमका शब्द आहे. शरीराची प्रतिकारशक्ती रोगजंतूंशी लढण्यासाठी असते. वावड्यामध्ये ती परागकण किंवा धुळीतील कोळ्याची विष्ठा अशा निरुपद्रवी गोष्टीलाही शत्रू समजते व दाह निर्माण करते. अशा कुत्र्यांची कातडी बांधबंदिस्ती मोडलेल्या शेतासारखी असते. तिच्यातील ओलावा बाहेर जातो व नको ते घटक आत शिरतात. खाजवल्याने कातडी फाटते, तेथे स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू व मॅलॅसेझिया नावाची यीस्ट वाढते, त्यामुळे खाज आणखी वाढते. हे चक्र तोडणे हा उपचाराचा खरा उद्देश होय. रोगाची प्रवृत्ती आनुवंशिक असल्याने तो बहुधा मुळापासून जात नाही, आयुष्यभर आटोक्यात ठेवावा लागतो.

आतड्याचा आणि कातडीचा संबंध

'खाज कातडीला आणि औषध पोटाला कशासाठी?' अशी शंका येणे साहजिक आहे. शरीरातील प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो. खाल्लेले अन्न व तेथे राहणारे कोट्यवधी जिवाणू यांच्या सतत सहवासात या पेशी 'आपले कोण आणि परके कोण' हे शिकतात. चांगल्या जिवाणूंची वस्ती असेल तर दाह आवरणाऱ्या पेशींना चालना मिळते. ती वस्ती बिघडली तर प्रतिकारशक्तीचा तोल ॲलर्जीकडे झुकू शकतो. जमिनीत सेंद्रिय कर्ब व उपयुक्त जिवाणू असतील तर मुळे निरोगी राहतात व त्याचा परिणाम पानावर दिसतो. आतडे आणि कातडी यांचे नाते काहीसे असेच आहे.

प्रोबायोटिक्स म्हणजे काय?

पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक्स, अशी व्याख्या जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. या व्याख्येतील 'जिवंत', 'पुरेसे प्रमाण' आणि 'लाभ' हे तीनही शब्द महत्त्वाचे आहेत.

कल्पना मात्र जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस आंबवलेल्या दुधातील जिवाणूंचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला होता. प्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्राण्यांसाठी मिळणाऱ्या प्रोबायोटिक्समध्ये प्रामुख्याने लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम, एन्टेरोकोकस, बॅसिलस या गटांतील जिवाणू आणि सॅकरोमायसिस ही यीस्ट असते.

संशोधन काय सांगते?

माणसांतील एक गाजलेला प्रयोग फिनलंडमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबांत ॲलर्जीचा इतिहास होता अशा गरोदर मातांना व नंतर बाळांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जीजी हा वाण देण्यात आला. दोन वर्षांच्या वयात इसब असलेल्या मुलांचे प्रमाण प्रोबायोटिक गटात २३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४६ टक्के आढळले. मात्र जर्मनीत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच प्रयोगात याच वाणाचा फायदा दिसला नाही.

कुत्र्यांवरही काम झाले आहे. अमेरिकेत ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या बीगल जातीच्या एकाच जोडीच्या दोन वेतांची तुलना करण्यात आली. दुसऱ्या वेताच्या वेळी आईला गाभण काळात व दूध पाजताना आणि पुढे पिलांना सहा महिन्यांपर्यंत हाच जीजी वाण दिला. २००९ च्या अहवालानुसार या पिलांच्या रक्तात ॲलर्जीचे निदर्शक प्रतिद्रव्य कमी आढळले, परंतु खाजेच्या लक्षणांत त्या वयात ठळक फरक नव्हता. हीच कुत्री मोठी झाल्यावर पुन्हा तपासली असता ॲलर्जीकारक घटकाच्या संपर्कात त्यांची लक्षणे सौम्य राहिल्याचे २०१२ मध्ये नोंदवले गेले. येथे कुत्र्यांची संख्या फार थोडी होती हे विसरून चालणार नाही.

जपानमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोग आधीच झालेल्या कुत्र्यांना लॅक्टोबॅसिलस पॅराकेसायचा के-७१ हा वाण बारा आठवडे देण्यात आला. तुलनेसाठी दुसऱ्या गटास सेटिरिझिन हे ॲलर्जीविरोधी औषध दिले. के-७१ गटात खाज आटोक्यात ठेवण्यासाठी लागणारी इतर औषधे कमी करता आली. त्याच वर्षी कोरियातून लॅक्टोबॅसिलस साकेईच्या एका वाणाने दोन महिन्यांत लक्षणांची तीव्रता घटल्याचा अहवाल आला.

या सर्वांचा अर्थ असा :

१. काही ठराविक वाणांचा उपयोग होतो असे दिसते, पण तो माफक असतो.
२. उपयोग दिसायला दोन ते तीन महिने लागतात.
३. मुख्य लाभ म्हणजे जोडीच्या औषधाची गरज काही प्रमाणात कमी होऊ शकते.
४. केवळ प्रोबायोटिकने तीव्र खाज थांबते असे सिद्ध झालेले नाही.

म्हणून यास 'पूरक उपचार' म्हणतात. पूरक खत मुख्य खताची जागा घेत नाही, तसेच हे आहे.

जिवाणू संवर्धकाचा अनुभव येथे वापरा

हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनला चालत नाही, हे आपण जाणतो. दोन्ही रायझोबियम गटातीलच, पण जात वेगळी. प्रोबायोटिकमध्ये याच्याही पुढे जावे लागते. जात एकच असली तरी वाण बदलला की गुण बदलतो. या वाणालाच 'स्ट्रेन' म्हणतात. त्यामुळे पाकिटावर नुसते 'लॅक्टोबॅसिलस' एवढेच लिहिले असेल तर ते बियाण्याच्या पिशवीवर नुसते 'ज्वारी' लिहिण्यासारखे आहे. वाणाचे नाव वा क्रमांक हवाच.

दुसरी बाब संख्येची. आपल्याकडे २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यानुसार भुकटीच्या रायझोबियममध्ये प्रति ग्रॅम किमान ५ कोटी, तर द्रवरूप संवर्धकात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. प्रोबायोटिकच्या पाकिटावर ही संख्या 'सीएफयू' या एककात दिलेली असते. ती उत्पादनाच्या दिवशीची आहे की मुदत संपेपर्यंतची हमी आहे, हे वाचून पाहावे. दुसऱ्या प्रकारची हमी अधिक भरवशाची.

तिसरी बाब दर्जाची. कॅनडात २०११ मध्ये बाजारातील २५ प्रोबायोटिक उत्पादने तपासण्यात आली. लेबलावरील वर्णन योग्य आणि जिवाणूंची संख्याही दाव्याइतकी, अशा दोन्ही कसोट्यांना केवळ २ उत्पादने उतरली. काहींमध्ये जिवाणूंची वाढच झाली नाही. तेव्हा महाग ते चांगले असा समज करून घेऊ नये.

खरेदी करताना पुढील बाबी तपासाव्यात :

- उत्पादन कुत्र्यांसाठी आहे काय?
- जिवाणूचे गट, जात व वाण यांसह पूर्ण नाव आहे काय?
- एका मात्रेतील जिवंत जिवाणूंची संख्या दिली आहे काय?
- उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, बॅच क्रमांक व उत्पादकाचा पत्ता आहे काय?
- साठवणुकीचे तापमान दिले आहे काय आणि दुकानदाराने ते पाळले आहे काय?
- गोडी आणण्यासाठी झायलिटॉल वापरलेले नाही ना? हा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे. माणसांसाठीची पुडी परस्पर न देण्याचे हे एक कारण आहे.

देण्याची पद्धत

१. प्रथम पिसवा, गोचीड व लूत यांचा बंदोबस्त करावा. कातडीवर पू, दुर्गंधी किंवा चिकटपणा असेल तर जिवाणू व यीस्टचा उपचार पशुवैद्यकाकडून पूर्ण करून घ्यावा.

२. चालू औषध अचानक बंद करू नये. विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्या लागतात.

३. लेबलावरील किंवा पशुवैद्यकाने सांगितलेली मात्रा दिवसातून एकदा, शक्यतो ठराविक वेळी अन्नातून द्यावी. गरम भाकरीच्या काल्यात किंवा गरम दुधात मिसळू नये, उष्णतेने जिवाणू मरतात. बीजप्रक्रिया केलेले बियाणे आपण सावलीत सुकवतो, तीच काळजी येथे घ्यावी.

४. प्रतिजैविक चालू असेल तर त्याची मात्रा व प्रोबायोटिक यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. बुरशीनाशक आणि संवर्धक आपण एकत्र कालवत नाही, त्यामागे हेच तत्त्व आहे.

५. पहिल्या आठवड्यात शौच थोडे सैल होऊ शकते. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्यास देणे थांबवून सल्ला घ्यावा. फार अशक्त, गंभीर आजारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या कुत्र्यास विचारल्याशिवाय देऊ नये.

६. किमान आठ ते बारा आठवडे सलग द्यावे. चार दिवस देऊन, आठ दिवस विसरून काही साधत नाही.

७. दर रविवारी वहीत खाजेस ० ते १० पैकी गुण द्यावेत. ० म्हणजे खाज नाही, १० म्हणजे रात्रंदिवस खाजवणे व झोप न येणे. कोणते औषध किती दिले तेही लिहावे. बारा आठवड्यांनी गुण कमी झाले नाहीत व औषधही कमी करता आले नाही, तर तो वाण त्या कुत्र्यास लागू नाही असे समजून खर्च थांबवावा. नियंत्रण वाफ्याशी तुलना केल्याशिवाय खताचा गुण कळत नाही, तसे नोंदीशिवाय औषधाचा गुण कळत नाही.

मग घरचे दही-ताक का नको?

हा प्रश्न हमखास येतो. दह्यात दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू असतात हे खरे. परंतु घरोघरचे विरजण वेगळे असते. त्यातील वाण कोणता, संख्या किती आणि आतड्यापर्यंत किती जिवंत पोचतात हे ठरलेले नसते. ज्या वाणांवर प्रयोग झाले ते घरच्या विरजणात असतीलच असे नाही. निरोगी कुत्र्याला दोन चमचे ताजे दही पचत असेल तर हरकत नाही, मात्र ते अन्न आहे, उपचार नव्हे.

आणखी एक महत्त्वाची बाब आहे. कुत्र्यांत अन्नाचे वावडे घडवणाऱ्या पदार्थांत गोमांस, दूध व दुग्धजन्य पदार्थ, कोंबडीचे मांस आणि गहू हे आघाडीवर आहेत. वस्तीवरचा कुत्रा जन्मभर दूध-भाकरी किंवा ताक-भाकरी खात असतो. खाजेचे कारण दूधच असेल तर दही वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. अन्नाचे वावडे ओळखण्यासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने किमान आठ आठवडे पूर्वी कधीच न दिलेले अन्न द्यावे लागते. उदा. मासे कधी न खाल्लेल्या कुत्र्यास उकडलेली काटे काढलेली मासळी व भात. या काळात दही, ताक, बिस्कीट, चपातीचा तुकडा, मुलांच्या हातचा खाऊ सर्व बंद. प्रोबायोटिकमध्ये दुधाचा किंवा मांसाचा अंश नाही ना, हेही पाहावे. खाज कमी झाल्यास जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे. खाज परत आली तर निदान पक्के झाले.

मुख्य उपचार कोणते?

ॲटोपिक खाजेवर पशुवैद्यकाकडे आता अनेक उपाय आहेत. थोड्या काळासाठी स्टेरॉइड, त्याशिवाय सायक्लोस्पोरिन, ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन आणि विशिष्ट ॲलर्जीकारकाची लस अशी साधने कुत्र्याच्या स्थितीनुसार व खर्चानुसार निवडली जातात. 'खाजेचे इंजेक्शन' म्हणून स्टेरॉइड पुन्हा पुन्हा टोचून घेऊ नये. त्याने तात्पुरता आराम पडतो. परंतु तहान, लघवी व भूक वाढते, कातडी पातळ होते आणि जंतुसंसर्ग बळावतो. आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पू व कोमट पाण्याने आंघोळ घातल्यास अंगावरचे परागकण व धूळ निघून जाते. ओमेगा-३ स्निग्धाम्ले असलेले माशाचे तेल हेही पूरकच आहे व त्याचा परिणाम दिसण्यास प्रोबायोटिकप्रमाणेच दोन-तीन महिने लागतात.

पिकाची औषधे कुत्र्याला लावू नका

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पिकावरील कीटकनाशकांची तीव्रता व त्यांतील द्रावक पिकासाठी ठरवलेले असतात. फाटलेल्या कातडीतून ते वेगाने रक्तात जातात आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा पोटातही जातात. एके काळी गोठ्यात व जनावरांच्या अंगावर सर्रास टाकली जाणारी बीएचसी भुकटी, म्हणजे गॅमॅक्झीन, हिच्यावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. डायक्लोरव्हॉस व फोरेट यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुन्या बाटल्या, डबे माळ्यावर शिल्लक असतील तर ते वापरू नयेत.

सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषबाधेत लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, थरथर, जुलाब व धाप ही लक्षणे दिसतात. अशा वेळी हातमोजे घालून कुत्रा साबणाने व भरपूर पाण्याने धुवावा. स्वतःच्या मनाने उलटी करवू नये. औषधाचा डबा सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनही अंदाजाने कुत्र्याला टोचू नये. कोली व तत्सम जातींच्या कुत्र्यांमध्ये एका आनुवंशिक दोषामुळे ते मेंदूत शिरून जीवावर बेतू शकते.

वस्तीवरील व्यवस्थापन

१. कुत्र्याची जागा धान्याच्या कोठीजवळ, भुसा-कडब्याच्या गंजीलगत किंवा मळणीच्या धुळीत ठेवू नये. साठवणीच्या धान्यातील व पिठातील सूक्ष्म कोळ्यांचेही कुत्र्यांना वावडे असू शकते. विकतचे कोरडे खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे व पिशवी फोडल्यावर महिन्याभरात संपवावे.

२. गोणपाटाचे अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येचा लहानसा भाग असतात. अंडी, अळ्या व कोष जमिनीच्या भेगांत व अंथरुणात असतात. तणाचे बी जमिनीत असते तसाच हा प्रकार. म्हणून घरातील सर्व कुत्र्यामांजरांवर व जागेवर एकाच वेळी उपाय करावा. मात्र कुत्र्याचे औषध मांजरास लावू नये.

३. वस्तीभोवतीचे गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले हे तण माणसांत व जनावरांत त्वचादाह घडवते. गवत फुलण्याच्या काळात कुत्र्यास बांधावर मोकळे सोडून आणल्यावर पंजे व पोट ओल्या फडक्याने पुसावे.

४. खाज कोणत्या महिन्यांत वाढते याची नोंद ठेवावी. पावसाळ्यात दमटपणामुळे कोळी, बुरशी व पिसवा वाढतात. पावसाळ्याच्या अखेरीस गवतांचे पराग हवेत असतात. बारा महिने सारखी खाज असेल तर अन्न व घरातील धूळ यांचा विचार आधी करावा. ही नोंद पशुवैद्यकास निदानात फार उपयोगी पडते.

५. ॲलर्जीची प्रवृत्ती पुढील पिढीत उतरते. असा कुत्रा किंवा कुत्री पैदाशीस वापरू नये.

तपासणीसाठी जवळचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची मदत घेता येईल.

सारांश

खाजवणारा प्रत्येक कुत्रा लुतीचा नसतो आणि प्रत्येक खाज ॲलर्जीची नसते. आधी खरवड तपासणी, मग परजीवींचा बंदोबस्त, त्यानंतर अन्नाची चाचणी व शेवटी ॲटोपिक रोगाचे निदान हा क्रम पाळावा. निदान झाल्यावर मुख्य उपचाराच्या जोडीला वाण, संख्या व मुदत पाहून घेतलेले प्रोबायोटिक आठ ते बारा आठवडे नियमित द्यावे आणि वहीतील गुणांवरून त्याचा उपयोग ठरवावा. संवर्धक लावले म्हणून खुरपणी व पाणी चुकत नाही, तसे प्रोबायोटिक दिले म्हणून पिसवांचा बंदोबस्त, अंथरुणाची स्वच्छता व पशुवैद्यकाचा सल्ला चुकत नाही. एवढे पथ्य पाळले तर औषधावरचा खर्च आवरता येईल आणि रात्रभर आपली वस्ती राखणारा हा मुका सोबती दिवसा तरी स्वस्थ झोपू शकेल.